भिंत म्हणू नका, फर्निचर म्हणा

मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील गिरणीत होते, पण संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. घाटकोपरला भटवाडीत आमची खोली होती, तिथून जवळच्या एका सोसायटीत ते बदली वॉचमन म्हणून जायचे, बोलावलं तर. मला ऑफिसात कुठेतरी चिकटवावं असं घरात सगळ्यांना वाटत होतं आणि ऑफिस म्हणजे काय ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. एक दिवस टायपिंग क्लासच्या सरांनी मला थांबवलं.

"विक्रोळी पार्कसाइटला एक वकीलबाई आहेत. गरिबांना फुकट कायद्याचा सल्ला देतात. त्यांना टायपिस्ट पाहिजे. पगार फार नाही मिळायचा, पण बाई चांगल्या आहेत. जाऊन तर ये."

गेले. चढावर एका महिला मंडळाची बालवाडी होती. सकाळी तिथे मुलं बसायची आणि गुरुवार ते शनिवार, दुपारी मुलं घरी गेली की तीच खोली सल्ला केंद्र व्हायची. भिंतीवर कमळाचं चित्र आणि क, त्याच्या खाली एक लाकडी टेबल, समोर दोन बाकं, कोपऱ्यात फायलींची पत्र्याची ट्रंक. बाई पन्नाशीच्या होत्या. लांबून बसने यायच्या, खांद्याला कापडी पिशवी लावून. त्यांनी माझं सर्टिफिकेट हातात घेऊन नीट वाचलं.

"छान. स्पीड चांगलाय."

मी खोलीभर नजर फिरवली. "बाई, मशीन कुठे आहे?"

"मशीन नाहीये," त्या म्हणाल्या. "येईल. तोवर मला सांग, तुझं अक्षर कसं आहे?"

अक्षर बरं होतं. त्या अक्षरावर मला नोकरी लागली. पुढचं वर्षभर मी टायपिस्ट असूनही कार्बन घालून हातानंच नोटिसा लिहिल्या. जिथे टाइप केल्याशिवाय चालणारच नाही, असा कागद असला की क्लासच्या सरांकडे जायचे. वर्ग सुटल्यावर ते एक मशीन मला वापरू द्यायचे आणि कधी त्याबद्दल काही मागितलं नाही. उलट एकदा मला म्हणाले, "रफार चुकलाय तुझा. कोर्टात जाणार ना हे? परत कर."

केंद्रात येणाऱ्यांमध्ये बायका जास्त. नवऱ्यानं टाकलेल्या, घरमालकानं पाणी तोडलेल्या, नवरा गेल्यावर कंपनीकडून पैसे अडकलेल्या. काही पुरुषही यायचे. सगळे त्या दोन बाकांवर बसायचे आणि ज्याची पाळी येईल तो टेबलाजवळ सरकायचा. टेबल आणि पहिलं बाक यांच्यात हातभर अंतर. त्यामुळे एकाची कथा सगळ्यांना ऐकू जायची. लोक मध्ये सल्लेही द्यायचे. "सोड गं त्याला," असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं आणि बाई चष्म्यावरून बघायच्या. मला त्या वेळी यात काही वावगं वाटलं नाही. चाळीत वाढलेली मी. आमच्याकडे तरी कुठलं भांडण कोणापासून लपलेलं असायचं?

मग मावशी आली. इथे मी तिला मावशीच म्हणणार, कारण गेल्या वर्षी भेटली तेव्हा ती म्हणाली, "लिही की. मला काय लाज न्हाई आता. पण नाव नको घालू." ती मूळची बुलढाण्याकडची. जवळच्याच चाळीत राहायची, नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता आणि काही महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन अचानक गेला होता. पहिल्या दिवशी ती टेबलाजवळ आली, पदर सारखा केला आणि विचारलं, "रेशनकार्डावरून मालकाचं नाव कमी कसं करायचं?" बाईंनी सांगितलं, मृत्यूचा दाखला घेऊन रेशनिंग ऑफिसात जा, अर्ज मी देते. मी अर्ज लिहून दिला. ती उठली, गेली.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. पुन्हा रेशनकार्ड. बाईंनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी ती बाकावर दीड तास बसून राहिली, दोन जणींना आपल्या पुढे जाऊ दिलं आणि पाळी आल्यावर विचारलं, "ते रेशनकार्डाचं..."

बाई कोर्टातून थकून आल्या होत्या. मीच बोलले. "मावशी, दोनदा सांगितलं ना तुम्हाला? अर्ज पण दिलाय लिहून. बाकीचे खोळंबलेत."

ती उठली आणि निघाली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की दाखला टेबलावरच राहिलाय. मी तो घेऊन तिच्यामागे धावले. उतारावर, पाण्याच्या टाकीपाशी तिला गाठलं. दाखला हातात दिला तर तिनं तो घेतला आणि तिथेच खाली कट्ट्यावर बसली.

"पोरी," ती म्हणाली, "त्या बाकावर माझ्या चाळीतल्या दोघी बसल्या व्हत्या. दर बारी कोणी ना कोणी असतंच. त्यांच्या म्होरं काय सांगू?"

मग तिनं सांगितलं. नवऱ्याचे फंडाचे पैसे आणायला ती कंपनीत गेली, तेव्हा तिथल्या क्लार्कनं तिला सांगितलं की आणखी एका बाईनं अर्ज केलाय, मुलुंडच्या. तीही म्हणते मी त्याची बायको. तिला दोन मुली आहेत त्याच्यापासून. कंपनीत त्यानं कोणाचंच नाव लावलेलं नव्हतं. कोर्टाचा वारस दाखला आणा, मग पैसे देऊ, असं कंपनीनं दोघींना सांगून टाकलं. मावशीला ही दुसरी बाई आहे हे तोवर माहीतच नव्हतं. नवरा आठवड्यातून दोन दिवस 'ओव्हरटाइम'ला जायचा, एवढंच तिला ठाऊक. चाळीत तर कोणाला काहीच कल्पना नव्हती. आणि मावशीच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. हे बाहेर फुटलं असतं तर जुळत आलेलं मोडलं असतं.

मी तिला काय बोलले होते ते आठवून मला तोंड वर करवेना. "मावशी, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "तुला काय म्हाईत?"

परत येऊन मी बाईंच्या कानात सगळं सांगितलं. बाईंनी तिला रविवारी स्वतःच्या घरी बोलावून घेतलं आणि तिचं काम सुरू झालं. पण बाईंच्या मनातून ते गेलं नाही. सोमवारी केंद्र बंद असायचं, तरी त्यांनी मला बोलावलं. ट्रंकेतून रजिस्टर काढायला लावलं.

"ज्या एकदा-दोनदा आल्या, काहीतरी किरकोळ विचारलं आणि पुन्हा आल्याच नाहीत, अशा बायका शोध."

मी पानं उलटायला लागले. जन्मदाखला कुठे मिळतो. शाळेत नाव कसं घालायचं. रेशनकार्ड. पुन्हा रेशनकार्ड. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले आणि पानामागून पान खुणांनी भरत गेलं. शेवटी बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "पुरे. कळलं."

त्यांना कोर्टातल्या कोणीतरी फोर्टमधल्या एका ट्रस्टबद्दल सांगितलं होतं. सल्ला केंद्रांना जागेसाठी, यंत्रांसाठी अनुदान देणारा ट्रस्ट. त्याचा छापील फॉर्म कित्येक महिने बाईंच्या पिशवीत पडून होता. आम्ही तो भरायला घेतला. टाइपरायटर, फायलींसाठी लोखंडी कपाट, टेलिफोनची अनामत, कायद्याची पुस्तकं. आणि सगळ्यात वर बाईंनी सांगितलं, "लिही, एक बंद होणारी खोली."

मी लिहिलं. खाली 'गरज का आहे' असा रकाना होता. तिथे मी भावनेच्या भरात लिहिलं की रोज शेकडो स्त्रिया मनातलं दुःख मनात ठेवून परत जातात. बाईंनी वाचलं आणि सरळ रेघ मारली.

"शेकडो कुठे येतात गं आपल्याकडे? जे घडलं तेवढंच लिही. एक बाई तीन गुरुवार आली आणि तिन्ही वेळा रेशनकार्डाबद्दल विचारून गेली. तिला ते विचारायचं नव्हतं. बस."

"इंग्रजीत नको का?"

"मराठीतच राहू दे. मुंबईत ट्रस्ट आहे. वाचणारं असेल कोणीतरी."

वाचणारं होतं. महिन्याभरानं ट्रस्टकडून पत्र आलं की आमच्या एक अधिकारी पाहणीला येतील. एका गुरुवारी त्या आल्या. घाटकोपर स्टेशनवरून रिक्षानं, एकट्याच. साध्या सुती साडीतल्या, आमच्या बाईंच्याच वयाच्या, बोलण्यावरून गुजराती घरच्या असाव्यात, पण मराठी अगदी मुंबईचं आणि सरळ. आम्ही त्यांना मॅडम म्हणत होतो. बाईंनी त्यांना टेबलाजवळ स्टूल दिलं. त्या दिवशी गर्दी होती. मॅडम वही मांडीवर घेऊन बघत बसल्या. थोड्या वेळानं एक तरुण मुलगी टेबलाशी आली, बोलायला लागली आणि मॅडमकडे बघून तिचा आवाज इतका बारीक झाला की बाईंनाही ऐकू येईना. मॅडमनी वही मिटली, स्टूल उचललं आणि बाहेर पायरीपाशी जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "मी तिथे बसून ऐकणं बरं नाही. तुमचं काम झालं की मला बोलवा."

सगळे गेल्यावर त्या आत आल्या आणि खोलीत एक फेरी मारली.

"टाइपरायटर, कपाट यात अडचण नाही. टेलिफोनची अनामत देऊ, पण फोन कधी येईल ते देव जाणे. पुस्तकं या वर्षी नाहीत. खोलीचं कठीण आहे."

"का?" बाईंनी विचारलं.

"जागा तुमची नाही. दुसऱ्याच्या जागेत बांधकामाला आमची कमिटी पैसे देत नाही. भिंत म्हटलं की संपलं."

मला तर रडूच यायला लागलं होतं. मॅडम परत दारापासून टेबलापर्यंत चालत गेल्या, परत आल्या.

"भिंत म्हणू नका," त्या म्हणाल्या. "फर्निचर म्हणा."

बाईंना ते आवडलं नाही. "म्हणजे खोटं लिहायचं?"

"मुळीच नाही. खोटं लिहिलंत तर मीच फाडून टाकेन. पण लाकडाचं पार्टिशन असेल, दाराचं, आणि ते रोज काढता-बसवता येत असेल, तर ते काय झालं? कपाट हलवता येतं म्हणून फर्निचर. हेही हलवता आलं की फर्निचर. मात्र खरंच हलवता आलं पाहिजे. मी येऊन बघणार."

बालवाडीच्या शिक्षिकेलाही तेच हवं होतं. सकाळी तिला मुलांसाठी पूर्ण खोली मोकळी लागायची. त्यामुळे आता प्रश्न एवढाच उरला की असं पार्टिशन करणार कोण.

भांडुपला एक सुतारकाका होते, मालवणकडचे. घरमालकानं त्यांना खोलीतून काढायचा घाट घातला होता आणि बाईंनी तीन वर्षं कोर्टात झगडून त्यांची खोली वाचवली होती. बाईंनी निरोप पाठवताच ते दुसऱ्या दिवशी हजर. खोलीची मापं घेतली, छपराकडे बघितलं, विडी कानावर ठेवली.

मी विचारलं, "काका, रोज काढायचं म्हणजे मोडणार नाही ना?"

"बाय, तू कित्याक काळजी करतंस? असो दरवाजो करून देतंय, सकाळी काढूचो नि दुपारी बसवूचो. तुया एकटी पण बसवशीत."

मी नवा अर्ज क्लासच्या सरांच्या मशीनवर टाइप केला. या वेळी 'दारासह सुटे लाकडी पार्टिशन' असं लिहिलं. दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. पोस्टमननं ते बालवाडीच्या शिक्षिकेकडे दिलं होतं आणि ती ते घेऊन भटवाडीला आमच्या घरी आली, कारण तिला वाट बघवेना. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं, तरी ते शेजाऱ्यांना दाखवून आले.

आधी टाइपरायटर आला. करड्या रंगाचा, नवा कोरा, जड. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर काही महत्त्वाचं टाइप करायला धजले नाही. नुसत्या ओळी टाइप केल्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी घंटी वाजली की बाकावरच्या बायका हसायच्या. मग सुतारकाका प्लायवूडच्या चार फळ्या आणि एक दार टेम्पोत घालून घेऊन आले. जमिनीला नि भिंतीला खाचा, त्यात फळ्या सरकवायच्या, वर खिट्ट्या लावायच्या. मी एकटीनं बसवून बघितलं. सुतारकाका हाताची घडी घालून उभे होते, मदत केली नाही. मजुरीचं नाव काढलं तेव्हा "लाकडाचे तेवढे द्या," म्हणाले आणि पुढे ऐकूनच घेतलं नाही.

पण पहिल्याच दिवशी वाट लागली. बालवाडीला उतरतं पत्र्याचं छप्पर होतं, म्हणून पार्टिशन वर छपरापर्यंत पोचत नव्हतं. दीड-दोन हात जागा वर उघडीच. बाई एका बाईला घेऊन आत गेल्या, दार लावलं आणि आतला शब्द न् शब्द वरून बाहेर यायला लागला. एवढंच नाही, आता दार बंद आहे म्हटल्यावर बाकावरच्या सगळ्या जणी एकदम गप्प होऊन कान देऊन ऐकायला लागल्या. पूर्वी निदान आपसात बोलत तरी होत्या.

दार उघडलं. बाईंचं डोकं बाहेर आलं.

"टाइप कर."

"काय टाइप करू बाई?"

"काहीही कर. थांबू नकोस."

मी एक जुनी नोटीस समोर घेतली आणि सुरू केलं. खडखड, खडखड, घंटी, कॅरेज मागे. आतला आवाज त्यात बुडाला. बाहेरच्या बायकांना एकमेकींशी बोलायला आवाज चढवावा लागला, त्यानं तर आणखीच चांगलं झालं. तेव्हापासून तो आमचा नियमच झाला. आत कोणी असलं की मी टाइप करायची. काम असेल तर काम, नसेल तर क्लासमधले धडे, बातम्या, कोकणातल्या काकूला पत्र. माझा स्पीड चाळीसवरून कुठल्या कुठे गेला, तो त्यामुळेच.

मावशीची केस तोवर कोर्टात लागली होती. लग्न गावाकडे झालेलं, कागद काही नाही. बाईंनी गावाहून दोन साक्षीदार आणवले, एक जुना फोटो मिळवला. केस मावशीच्या बाजूनं होती. पण मुलुंडच्या बाईच्या मुलींचाही बापाच्या पैशावर हक्क आहे, हे बाईंना माहीत होतं आणि त्यांनी ते मावशीपासून लपवलं नाही. "भांडत बसलीस तर तुझ्या मुलीचं लग्न होईल, नातवंडं होतील, पण पैसे येणार नाहीत. एकदा समोरासमोर बसा," असं त्यांनी सांगितलं. मावशी आठवडाभर आली नाही. मग येऊन म्हणाली, "बोलवा तिला."

शुक्रवारी दुपारी ती बाई आली. मावशीपेक्षा बरीच लहान, तिशीचीही नसेल. दारात उभी राहून तिनं मला विचारलं, "वकीलबाई इथंच बसतात ना?" मी आत बोट दाखवलं. मावशी आधीच आत होती. बाई दोघींना बसवून स्वतःही बसल्या, दार लागलं आणि मी टाइप करायला लागले.

बाकावर तेव्हाही मावशीच्या चाळीतली एक जण होती. "कोण गं ती?" तिनं विचारलं.

"कोर्टाचं काम आहे," मी म्हणाले आणि बोटं थांबवली नाहीत.

अर्धा तास झाला. माझे नोटिसांचे कागद संपले. धडे संपले. मी काकूला पत्र लिहिलं, मग मामाला. खांदे भरून आले. बाकावरची म्हणाली, "किती आवाज करतेस गं, डोकं उठलं." आतून मध्येच एकदा कोणीतरी जोरात बोललं, मी आणखी जोरात बडवलं. आणि मग अचानक आतून हसू ऐकू आलं. दोघींचं. मी चकित होऊन थांबलेच.

"टाइप!" आतून बाई ओरडल्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. दोघींचे डोळे लाल होते. मुलुंडची बाई माठाकडे गेली, पेला भरला आणि आधी मावशीला दिला. मग स्वतःसाठी भरला. बाईंनी मला समझोता सांगितला आणि मी तो टाइप केला: वारस दाखला मावशीच्या नावे, त्या दोन मुलींचा वाटा त्यांच्या नावानं बँकेत. मुलुंडच्या बाईनं सही केली, मावशीनं अंगठा दिला.

त्या का हसल्या ते मावशीनं मला खूप नंतर सांगितलं. नवऱ्यानं मुलुंडच्या बाईला सांगितलं होतं की माझी पहिली बायको मेली. हे ऐकून मावशी संतापली होती, तेव्हाच मी तो चढलेला आवाज ऐकला. मग बोलता बोलता निघालं की मागच्या दिवाळीला त्यानं दोघींना साडी आणली होती. रंग विचारला, काठ विचारला, तर एकच. दुकानातून सरळ दोन घेतल्या होत्या त्यानं. "एवढा लबाड माणूस," मावशी म्हणाली, "पण साडी निवडायचा कंटाळा."

कोर्टातून दाखला मिळाला, कंपनीनं पैसे दिले, मुलीचं लग्न विहारात झालं. मी गेले होते. आहेरात एक मोठा स्टीलचा डबा होता. आमच्याकडे भांड्यावर नाव घालून देतात, याच्यावर काहीच घातलेलं नव्हतं. मावशीनं तो मला उचलून दाखवला आणि बाजूला ठेवला. कोणाचा ते मला विचारावं लागलं नाही.

वर्षाअखेरीस ट्रस्टला अहवाल पाठवायचा होता. मी पुन्हा उत्साहात दोन पानं लिहिली, त्यात नाव न घालता मावशीची गोष्टही लिहिली. बाईंनी ती पानं माझ्याकडे परत दिली. "आत जे बोललं जातं ते आपलं नाही. दार आपलं आहे, तेवढ्याचा अहवाल दे." म्हणून मी लिहिलं: 'पार्टिशन गुरुवार ते शनिवार रोज वापरात आहे. रोज काढले व बसवले जाते. टाइपरायटर सतत चालू असतो.' मला वाटलं, एवढ्या कोरड्या कागदावर त्या काय म्हणणार. पण मॅडमचं हातानं लिहिलेलं कार्ड आलं. 'वाचून बरं वाटलं. रिबनी जास्त लागत असतील. कळवा, सोय करू.'

टेलिफोन यायला चार वर्षं गेली. तो आला तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मला वांद्र्याच्या कोर्टात टायपिस्टची नोकरी लागली होती. परीक्षेत इतर मुली थांबून थांबून टाइप करत होत्या, मला थांबायची सवयच नव्हती. बाई म्हणाल्या, "जा. तुझ्या जागी येईल कोणीतरी, मशीन आहे आता." मी रडले, त्या नाही रडल्या. निघताना मला त्यांनी आपलं फाउंटन पेन दिलं.

नोकरीचे पेढे मी सगळ्यांना नेऊन दिले. सरांना, सुतारकाकांना, बालवाडीच्या शिक्षिकेला. राहिल्या मॅडम. त्या निवृत्त होऊन अंधेरीला राहत होत्या, पत्ता ट्रस्टमधून मिळाला. एका रविवारी सकाळी गेले. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं नाही. मी सांगितलं, विक्रोळीचं केंद्र, लाकडी पार्टिशन. त्या आठवायचा खूप प्रयत्न करत होत्या. "फर्निचर म्हणा, असं तुम्ही म्हणाला होतात," मी म्हणाले.

"मी म्हणाले असं?" त्यांना हसू आलं. "बेटा, किती कागद गेले हातातून. खरंच नाही आठवत."

मला जरा वाईट वाटलं. मग वाटलं, बरोबरच आहे. आम्हाला ती एकच गोष्ट मिळाली होती, त्यांनी अशा किती जणांना दिल्या असतील. मी पेढे ठेवले आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. बंद दार, वरची उघडी जागा, माझं टायपिंग. त्या पुढे सरकून ऐकत होत्या, मध्ये मध्ये "पछी?", म्हणजे पुढे काय, असं विचारत होत्या. सांगून झालं तेव्हा त्यांनी खिडकीजवळ आरामखुर्चीत बसलेल्या यजमानांकडे बोट केलं.

"त्यांना पण सांग ना. पण जोरात बोल हां, त्यांना कमी ऐकू येतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सुरुवात केली. आत काय बोललं जायचं, तो भाग मात्र गाळला.